चुकलेल्या अंदाजाची नोंद कुठे आहे?

अक्षय्य तृतीया जवळ आली की आमच्या बुलडाणा जिल्ह्यात आपोआप दोन फळ्या पडतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला गावाबाहेरच्या शेतात घट मांडला जातो, दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत त्याचं निरीक्षण होतं, आणि दुपार व्हायच्या आत जून कसा, जुलै कसा, कपाशीला भाव राहील की नाही, हे वऱ्हाडभर पसरलेलं असतं. त्याच्या आगेमागे हवामान खात्याचा मोसमी पावसाचा पहिला अंदाजही येऊन गेलेला असतो. मग पारावर, एसटीत, कृषी केंद्राच्या पायरीवर आणि संध्याकाळी वाहिन्यांवर एकच प्रश्न चघळला जातो: खातं खरं की घट खरा? एकजण म्हणतो, एकविसाव्या शतकात ढेकळं पाहून पाऊस सांगता, लाज वाटत नाही का? दुसरा म्हणतो, त्या एसीतल्या लोकायले आमच्या वावरातलं काय समजते, त्यांनी धो धो सांगितला की आमच्याकडे ऊन पडते. दोघंही टाळ्या घेतात आणि पेरणीच्या वेळी दोघंही गायब असतात.

हा वाद दोन्हीकडून वाईट लढवला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. अंदाज कोणी केला, संगणकावर केला की घागरीवर, ही दुय्यम गोष्ट आहे. पहिला प्रश्न असा विचारायला हवा की मागच्या वर्षी काय सांगितलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि ते दोन्ही शेजारी शेजारी लिहून कोणी ठेवलं? चूक लिहून ठेवणाऱ्यालाच पुढच्या वर्षी कमी चुकायची सोय असते. या कसोटीवर घट नापास होतो. पण हवामान खातं देशाच्या पातळीवर पास होत असलं तरी माझ्या गावाच्या धुऱ्यावर आल्यावर त्याची वहीही कोरीच असते. आणि ती कोरी राहण्यात खात्याइतकाच आपलाही हात आहे.

आधी घटाबद्दल. टीका करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. शेतात एक मोठं वर्तुळ आखतात. त्याच्या कडेनं अठरा प्रकारची धान्यं मांडतात: अंबाडी, सरकी, ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडी, तीळ, भादली, बाजरी, जवस, लाख, गहू, हरभरा वगैरे. मधोमध खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं, एकेक ढेकूळ पावसाळ्याच्या एकेका महिन्याचं. त्यावर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, वडा, भजं, करंजी, कुरडई. जवळच पानविडा, ती राजाची गादी. रात्रभर त्या वर्तुळात कोणी पाय ठेवत नाही. पहाटे कुठलं ढेकूळ किती भिजलं, कुठल्या धान्याचे दाणे जागचे हलले, पुरी-पापड आहेत की गायब झाले, हे पाहून पाऊस, पिकं, रोगराई, राजकारण सगळं सांगितलं जातं. चंद्रभान महाराज वाघांपासून साडेतीनशे वर्षं ही रीत चालत आल्याचं सांगतात.

या रिवाजाच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. घट फुकट आहे. त्याच्यामागे कुठली बियाण्याची किंवा खताची कंपनी नाही. हंगामाच्या तोंडावर शेकडो कास्तकार एका वावरात जमतात, अठरा पिकांची नावं मोठ्यानं घेतात, आणि त्या अठरांतली भादली, लाख, अंबाडी, करडी आता कोणाच्या शेतात उरली आहेत का, हा विचार तरी निदान मनात येतो. दुसरं म्हणजे शेतकरी घटावर सगळा डाव लावतो, हा शहरी समज खोटा आहे. तो भाकीत ऐकतो, मान हलवतो, आणि पेरतो पाऊस पाहूनच. जो माणूस पंचांगात मृगाचं वाहन कोल्हा आहे की बेडूक हे पाहतो, तोच सकाळी मोबाईलवर ढगांचं चित्रही पाहतो. त्याला अंधश्रद्ध म्हणून मोकळं होणाऱ्या, स्वतः मुहूर्त पाहून फ्लॅटची चावी घेणाऱ्या लोकांबद्दल काय बोलावं?

तरीही अंदाज म्हणून घट का टिकत नाही? वैशाखातल्या एका रात्री ढेकूळ किती भिजतं हे घागर किती पाझरते, माती किती चिकण आहे आणि त्या रात्री हवा किती कोरडी आहे यावर ठरतं. दाणे हलतात ते वाऱ्यानं, मुंग्यांनी, उंदरांनी. पुढच्या ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरात किती कमी दाबाचे पट्टे तयार होणार, याची खबर त्या मुंग्यांना असायचं कारण नाही. कोणी म्हणेल, कारण कळलं नाही म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. बरोबर. मग कारण बाजूला ठेवू आणि निकाल मोजू. इथे घट अडकतो, कारण मोजायला काही हातात लागतच नाही. 'पाऊस साधारण', 'कुठे कमी कुठे जास्त', 'पीक मोघम' या शब्दांची बेरीज-वजाबाकी कशी करायची? विदर्भात जुलै आणि ऑगस्ट हे सगळ्यात पावसाळी महिने, जून बेभरवशाचा आणि सप्टेंबर लहरी. एवढं धरून कोणीही चार महिन्यांचं भाकीत केलं, तरी बहुतेक वर्षी ते जमल्यासारखंच वाटेल. जुळलेलं वर्ष लोक दहा वर्षं सांगत राहतात, हुकलेलं पोळ्यापर्यंत विसरतात. साडेतीनशे वर्षांत काय सांगितलं आणि काय झालं याची एक वही असती, तर ती आज जगभरच्या हवामान अभ्यासकांना हेवा वाटावा अशी ठेव ठरली असती. ती नाही.

नक्षत्रांचंही थोडं इथेच सांगून टाकतो. मृग लागला की पाऊस, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. पण सूर्याचं मृगात जाणं ताऱ्यांवरून ठरतं आणि ऋतू ठरतो पृथ्वीच्या आसाच्या कलावरून. तो आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डोलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षं लागतात. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस या हिशेबानं नक्षत्रं ऋतूंच्या मागे पडत जातात. भेंडवळची रीत सुरू झाली म्हणतात त्या काळी मृग ऋतूच्या मानानं आजच्यापेक्षा पाचेक दिवस आधी निघत असणार. पणजोबांच्या पणजोबांचा मृग आणि आपला मृग एकाच जागी नाही. पाच दिवस म्हणजे फार नाहीत, पण दुबार पेरणी व्हायला तेवढे पुरतात.

आता दुसरी फळी. हवामान खात्याच्या विरोधातले मुद्दे लंगडे आहेत असं म्हणणाऱ्यानं २००२ साल आठवावं. देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल असं खात्यानं सांगितलं होतं. पडला ८१ टक्के, आणि ऐन जुलैत तर निम्म्याच्या आसपास. २००४ ला शंभर टक्के सांगितला आणि तेरा-चौदा टक्के कमी पडला. २००९ ला एप्रिलमध्ये ९६ टक्के म्हणाले, प्रत्यक्षात ७८ टक्क्यांवर गाडी थांबली. १९७२ नंतरचा तो सगळ्यात मोठा दुष्काळ. आठ वर्षांत तीनदा असा फटका बसलेला शेतकरी खात्याचं नाव ऐकून हसला, तर दोष कोणाचा? २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तर चुकीच्या अंदाजामुळे नुकसान झालं म्हणून हवामान खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. पुण्या-मुंबईत त्याची टिंगल झाली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्याहून अवघड मुद्दा पुढे आहे. समजा खात्याचा अंदाज बरोबर आला, तरी माझा फायदा काय? २०२३ ला ९६ टक्के सांगितला आणि ९४ टक्क्यांच्या घरात पडला. कागदावर हा उत्तम अंदाज. पण त्या हंगामात काय घडलं? जुलैत जळगाव जामोद-संग्रामपूर भागात असा पाऊस कोसळला की नाल्यांनी वावरांची माती खरवडून नेली. आणि ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, सरासरीहून ३६ टक्के कमी. शेंगा भरायच्या वेळी सोयाबीन उभ्यानं करपलं. चार महिन्यांची आणि पूर्ण देशाची सरासरी बरोबर निघाली, शेतकरी मात्र एकाच हंगामात एकदा बुडाला आणि एकदा वाळला. म्हणून 'यंदा सरासरीइतका पाऊस' या मथळ्याला मी कास्तकाराच्या दृष्टीनं जवळपास शून्य किंमत देतो. तो आकडा धान्याच्या साठ्याचं आणि व्याजदराचं नियोजन करणाऱ्या दिल्ली-मुंबईसाठी आहे.

इतकं सगळं कबूल केल्यावर मी घटाकडे का जात नाही? कारण त्या २००२ चं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तेव्हाचा अंदाज सोळा घटकांच्या एका गणिती प्रारूपावर बेतलेला होता. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं हे प्रारूप १९८८ पासून वापरात होतं आणि बरीच वर्षं त्यानं साथही दिली होती. गोवारीकर आपले, पुण्याचे, अंतराळ संशोधनातलं मोठं नाव. तरी २००२ ला ते प्रारूप तोंडावर आपटलं तेव्हा खात्याला ते लपवता आलं नाही, कारण सांगितलेला आकडा आणि पडलेला आकडा दोन्ही छापलेले होते. पुढच्याच वर्षी पद्धत बदलली. २००९ नंतर पुन्हा वाद, पुन्हा बदल. वातावरण आणि समुद्र यांची गणितं एकत्र सोडवणारी प्रारूपं आली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली प्रणाली सुरू झाली. ती देशाचे सहा किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज करते, आधी तो चौकोन बारा किलोमीटरचा होता. प्रत्येक सुधारणेच्या मागे एक जाहीर नामुष्की आहे.

या विद्येचा इतिहासच असा आहे. ब्रिटनच्या किनाऱ्यावर १८५९ च्या वादळात जहाजं बुडाली तेव्हा रॉबर्ट फिट्झरॉय या दर्यावर्दी अधिकाऱ्यानं तारायंत्रावरून निरीक्षणं गोळा करून वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली, आणि १८६१ पासून वर्तमानपत्रात रोजचा अंदाज छापून आणला. अंदाज चुकले की पत्रं खिल्ली उडवत, वैज्ञानिक मंडळी नाकं मुरडत. १८६५ मध्ये त्यानं आत्महत्या केली, आणि पुढच्या वर्षी एका चौकशी समितीनं हे पुरेसं शास्त्रीय नाही म्हणत इशारे बंद पाडले. ते पुन्हा सुरू करण्यासाठी आग्रह धरणारे कोण होते? बंदरांतले लोक आणि खलाशी, ज्यांचा जीव त्यावर होता. दहातले काही इशारे फसतात हे त्यांना विद्वानांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांना ते हवे होते.

आपल्याकडे १८७५ मध्ये हवामान खातं उभं राहिलं आणि लगोलग १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ पडला. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पुढचा पाऊस सांगायचा प्रयत्न केला. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असं त्यांचं सूत्र. काही वर्षं जमलं, नंतर फसत गेलं. मग १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. मुळात गणिती माणूस. त्यांनी जगभरच्या वेधशाळांचे आकडे मागवून, कारकुनांच्या फौजेकडून हातानं गणितं करून घेऊन, पावसाची किल्ली शोधायचा ध्यास घेतला. पावसाचं खात्रीचं भाकीत त्यांना कधीच साधलं नाही. पण त्या आकडेमोडीत एक वेगळीच गोष्ट सापडली: पॅसिफिक महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, जणू तराजूची पारडी. आज आपण पारावर बसून 'यंदा एल निनो आहे म्हणतात', म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापलंय, असं जे बोलतो, त्याचं अर्धं मूळ या भारतीय पावसाच्या फसलेल्या अंदाजात आहे. आकडे लिहिलेले होते म्हणून फसण्यातूनही काही हाती लागलं.

इथे भूकंपाचा विषय काढतो, कारण दोन्हींची गल्लत नेहमी होते. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि गडचिरोली, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत भांडी हलली. अशा वेळी लगेच विचारलं जातं, पाऊस सांगता मग भूकंप का नाही सांगत? कारण ढग दिसतात, मोजता येतात, त्यांच्या आतली वाफ आणि वारा उपग्रहाला आणि रडारला कळतो. खडकात दहा-पंधरा किलोमीटर खोल साठत आलेला ताण कधी सुटणार, हे जगात कोणालाही तारखेनं सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो फसवतो. इथे शास्त्राचं प्रामाणिक उत्तर 'माहीत नाही' असं आहे. पण धोका कुठे किती, हे सांगता येतं. आणि तेही चुका लिहूनच सुधारतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे कातळ, इथे काही होत नाही, असा समज. सुमारे दहा हजार माणसं गेली. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा तो सगळ्यात खालचा पट्टाच काढून टाकला. इटलीत याच्या उलट वाटेनं गेले: २००९ च्या लाक्विला भूकंपानंतर तिथल्या शास्त्रज्ञांवर खटला भरला, २०१२ मध्ये शिक्षा सुनावल्या, आणि २०१४ मध्ये वरच्या न्यायालयानं त्या शास्त्रज्ञांना सोडलं. अंदाज करणाऱ्याला तुरुंगाची भीती घातली की तो पुढच्या वेळी काहीच बोलणार नाही, किंवा रोजच धोक्याची घंटा वाजवील. बीडच्या शेतकऱ्यांचा राग मला पटतो, पोलीस ठाणं हा त्याचा पत्ता नव्हे.

मग गावातल्या माणसाची तक्रार, की सांगतात एक आणि पडतं भलतंच, तिचं काय? ती समजून घ्यायला आपला पाऊस येतो कुठून हे पाहावं लागतं. कोकणाला जसा समुद्रावरचा वारा सह्याद्रीला थडकून पाऊस देतो, तसं आपलं नाही. विदर्भाचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होऊन ओडिशा, छत्तीसगडवरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. पट्टा आला की पूर्वेकडे गडचिरोली-गोंदियाला झड लागते, आणि पुढे सरकताना त्याचा जोर ओसरला की बुलडाणा-अकोल्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. हे पट्टे ज्या वाटेनं येतात तो मोसमी पावसाचा मोठा आसच हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की इथे उघाड पडते आणि खंड लांबतो. ही मोठी हालचाल आता चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी सांगता येते. पण जूनच्या सुरुवातीचा पाऊस वेगळा: दुपारच्या उन्हानं तापून उठलेले वळवासारखे ढग. असा एकेक ढग चार-पाच किलोमीटरचा, त्याचं आयुष्य तासाभराचं. तो शेगावच्या अलीकडे फुटणार की पलीकडे, हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही. रस्त्याच्या एका बाजूचं वावर भिजतं आणि दुसऱ्या बाजूला धूळ उडते, हे आपण दरवर्षी पाहतो, आणि तरी 'बुलडाणा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस' असं वाचलं की आपल्याच धुऱ्यावर पडेल असं धरून चालतो.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो मोठमोठे अधिकारीही घेतात: शेतकऱ्याला टक्केवारी कळत नाही, त्याला हो की नाही एवढंच सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे हवामान अभ्यासक नेमके इथेच बाजी मारतात. ते आपल्या बोलीत बोलतात, तारीख देतात, 'अमुक ते अमुक, भाग बदलत पाऊस, घाबरू नका' असं ठासून सांगतात. त्यांच्या भाषेचं कौतुक मी करतो. खात्याच्या पत्रकांनी ती शिकावी. पण शेतकऱ्याला शक्यता कळत नाही, हे मात्र साफ खोटं आहे. मे महिन्यात कुठल्याही घरात जाऊन पाहा. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवलेलं असतं. पोत्यातून हात घालून खालचे-वरचे मिळून शंभर दाणे मोजून घेतात, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडतात, वरून दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यानं उघडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले तर बियाणं पास. पासष्ट निघाले तर एकरी दोन-तीन किलो जास्त टाकायचं. उरलेल्या तीस दाण्यांकडे बोट दाखवून बियाणं खोटं बोललं असं कोणी म्हणतं का? पावसाची सत्तर टक्के शक्यता म्हणजे हेच गोणपाट. अशा दहा दिवसांतले सात भिजतात, तीन कोरडे जातात, आणि त्या तिनांची तयारी ठेवून पेरायचं. सोयाबीनच्या सात-आठ ओळींमागे तुरीची एक ओळ टाकणारा माणूस रोज शक्यतेवरच जगतो. कळत नाही ते सांगणाऱ्याला.

पण गोणपाटावर कोंब मोजता येतात. पाऊस कुठे मोजायचा? पेरणीची घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. सल्ला उत्तम आहे. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटर पाणी, आणि आपल्या काळ्या जमिनीच्या भेगा बुजून वाफसा यायला ते शंभराच्या आसपासच लागतात. आता गावात जाऊन विचारा, परवाच्या पावसात किती मिलिमीटर पडला? कोणी म्हणेल बोटभर ओल आहे, कोणी म्हणेल नाला वाहिला. आकडा कोणाकडेच नाही. तो तालुक्याला आहे, महसूल मंडळाला आहे. आणि एका मंडळात पंधरा-वीस गावं. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पडला तर अतिवृष्टी, आणि मदतीचा हिशेब तिथून सुरू होतो. म्हणजे चार किलोमीटरच्या ढगाचा न्याय पंधरा गावांना मिळून एक यंत्र करतं. ढग यंत्रावर फुटला तर कोरडं गाव पात्र, गावावर फुटला तर बुडालेलं गाव अपात्र. त्यात आणखी गंमत अशी, की पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ धरतात. सोमवारी रात्री झालेला पाऊस मंगळवारच्या तारखेला चढतो. पीक विम्याच्या अर्जावर सोमवार लिहिणारा शेतकरी आणि मंगळवार दाखवणारा तक्ता यांच्यात किती भांडणं लागली असतील, विचार करा. घट की खातं या वादातून या यंत्राच्या जागेबद्दल कधी चकार शब्द निघाला आहे का?

आणखी एक गोष्ट अशीच मुकाट्यानं होऊन गेली. जिल्हा पातळीवर कृषी विज्ञान केंद्रांत हवामानाचा अंदाज वाचून, तिथल्या पिकांना लावून, आठवड्यातून दोनदा सल्ला काढणारे विभाग होते. देशभरात असे १९९. फवारणी आज करा की थांबा, हे सांगणारी ती जवळची खिडकी होती. मार्च २०२४ मध्ये ते बंद केले. दिल्लीतल्या संगणकाचा आकडा आणि पऱ्हाटीवरची फवारणी यांच्यामधला माणूसच काढून टाकला, आणि त्यासाठी विदर्भात एक मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. भेंडवळच्या भाकितावर मात्र दरवर्षी तासन्‌तास चर्चा झडते. भाव, कर्जमाफी, विमा यासाठी रस्ता अडवणाऱ्या संघटनांनी पर्जन्यमापक ही मागणी कधीच का धरली नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही. कदाचित त्यात भाषणाला वाव कमी असेल.

हवामानाचे आकडे गोळा करण्यासाठीच्या केंद्राच्या विंड्स योजनेत ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचं ठरलं आहे. चांगलं आहे. पण स्वयंचलित यंत्राची बॅटरी उतरते, नळीत माकडं हात घालतात, कोळी जाळं विणतो, आणि ते बंद पडल्याचं गावाला महिनाभर कळत नाही, कारण त्याचा आकडा गावाला दिसतच नाही, तो थेट सर्व्हरला जातो. म्हणून त्याच्या शेजारी एक साधा, मोजपात्राचा पर्जन्यमापक असावा असं माझं म्हणणं आहे. सकाळी साडेआठला शाळेतल्या मोठ्या पोरांनी तो वाचावा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तीन रकाने पाडावेत: खात्यानं काल काय सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवाल्यानं काय सांगितलं, किती पडला. भेंडवळच्या चार महिन्यांच्या भाकितालाही त्याच भिंतीवर जागा द्यावी, अगदी मानानं, वरच्या ओळीत. दसऱ्याच्या सुमाराला ग्रामसभेत हे मोठ्यानं वाचून दाखवावं. ज्यांना घटावर विश्वास आहे त्यांनी याला हरकत घ्यायचं कारण नाही, आणि खात्यालाही नसावं.

यंत्र बसवताना मात्र लक्ष ठेवावं लागेल. तोंड जमिनीपासून फूटभर वर हवं, आणि भोवतीचं झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुपटीहून लांब. शाळेचं मैदान त्याला बरं. सरपंचाची गच्ची नको; तिथला वारा थेंब उडवून नेतो आणि आकडा कमी भरतो, मग ६५ च्या जागी ५८ येतात.